तीन तासांत इंग्रजी येत नाही, मग ते तीन तास कशासाठी वापरायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाला देते आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही विद्यापीठात पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवायला नुकतीच सुरुवात केली आहे. वर्गात ६० विद्यार्थी, आठवड्याला तीन तास. सगळे शाळेत दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेले. गाळलेल्या जागा भरा म्हटलं की बरोबर भरतात. पण स्वतःच्या विषयाचं पुस्तक वाचताना ओळीओळीला अडतात, चार वाक्यांचा परिच्छेद लिहिता येत नाही आणि बोलायला उभं केलं की मान खाली घालतात. तेव्हा व्याकरण पुन्हा पहिल्यापासून घ्यावं का, वर्गात मराठी बोलावी का, आणि चुका किती दुरुस्त कराव्यात, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. व्याकरण पहिल्यापासून घेऊ नका. मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं प्रत्येक नव्या तुकडीची सुरुवात काळांच्या तक्त्यापासून करत असे. बारा काळ, त्यांची सूत्रं, प्रत्येकाला दोन-दोन उदाहरणं. मुलं सुबक अक्षरात उतरवून घ्यायची, चाचणीत बरोबर लिहायची, आणि तीन महिन्यांनी निबंधात पुन्हा 'ही गो' लिहायची. मला वाटायचं, माझंच शिकवण्यात कमी पडतंय; म्हणून मी तेच आणखी जोरात शिकवायचे. एकदा एका विद्यार्थिनीला तिच्याच निबंधातलं वाक्य दाखवून विचारलं, यात चूक काय? तिनं क्षणात सांगितली, नियमही सांगितला. नियम तिला माझ्याइतकाच पाठ होता. लिहिताना तो हाताशी येत नव्हता, एवढंच. तिच्याकडे नसलेली गोष्ट वेगळीच होती आणि ती मी देत नव्हते.

आता वेळेचा हिशेब मांडू. आठवड्याला तीन तास, वर्षाला समजा ३० आठवडे, म्हणजे ९० तास. युरोपीय परिषदेनं २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक पातळ्यांच्या चौकटीत ए-१ (अगदी सुरुवातीची) ते सी-२ (सर्वांत वरची) अशा सहा पायऱ्या आहेत; बी-१ आणि बी-२ या मधल्या दोन. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अंदाज असा, की शून्यापासून बी-१ पर्यंत पोचायला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ३५० ते ४०० तास लागतात आणि बी-२ पर्यंत ५०० ते ६००. म्हणजे बी-१ वरून बी-२ ही एकच पायरी चढायला दीडशे-दोनशे तास. तुमचं अख्खं वर्ष संपलं तरी पायरी अर्धीच चढून होते. बोलण्याचा हिशेब आणखी कठीण आहे. ६० विद्यार्थी आणि ६० मिनिटं: तुम्ही तोंडातून एक शब्दही काढला नाही आणि एकामागून एक सगळ्यांना बोलायला लावलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येतं. वर्षभरात दीड तास. दीड तास बोलून कुणालाही कुठलीही भाषा आलेली नाही.

हा हिशेब मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी दाखवते, कारण त्यानंतर कामाकडे बघण्याची नजर बदलते. आठवड्यात १६८ तास असतात. त्यातले तीन तुमचे, १६५ त्यांचे. इंग्रजी आलीच तर त्या १६५ मधल्या काही तासांत येणार आहे. वर्गातल्या तीन तासांचं काम एवढंच, की बाहेरचे ते तास शक्य व्हावेत, सुरू व्हावेत आणि वाया जाऊ नयेत. जे विद्यार्थी एकट्यानं करू शकतात ते वर्गात करायचं नाही. जे एकट्याला जमत नाही, म्हणजे समोर माणूस लागतो, चूक लक्षात आणून देणारं कुणी लागतं, ते वर्गात करायचं. पुढचं सगळं उत्तर या एका वाटणीतून येतं.

पॉल नेशन हे न्यूझीलंडमधले भाषाशिक्षणाचे अभ्यासक. त्यांनी अभ्यासक्रमाचे चार धागे सांगितले आहेत: अर्थासाठी ऐकणं-वाचणं, अर्थासाठी बोलणं-लिहिणं, भाषेच्या घडणीकडे मुद्दाम लक्ष देणं, आणि जे येतं तेच अधिक सहज, अधिक वेगानं करण्याचा सराव. चारही धाग्यांना साधारण सारखा वेळ द्यावा, असं त्यांचं म्हणणं आहे. तुमचे विद्यार्थी शाळेत बहुतेक सगळा वेळ तिसऱ्या धाग्यावर घालवून आले आहेत. तुम्हीही तिथूनच सुरुवात केलीत, तर पलंगाचे तीन खूर तसेच हवेत राहतील.

वाचनावर मी सर्वांत जास्त भर देते, म्हणून इथे जरा थांबते. पहिल्याच आठवड्यात एक साधी गोष्ट करा. विद्यार्थ्यांच्या विषयाच्या पुस्तकातलं कोणतंही ३०० शब्दांचं पान घ्या आणि अजिबात माहीत नसलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. मग रेघा मोजा. सहा निघाल्या तर तो विद्यार्थी ९८ टक्के शब्द ओळखतो; शब्दकोशाशिवाय वाचू शकेल. पंधरा निघाल्या तर ९५ टक्के. धडपडत, कुणाच्या तरी मदतीनं वाचेल. तीस निघाल्या तर तो वाचत नाहीये, कोडं सोडवतोय. मार्सेला हू आणि नेशन यांचा २००० सालचा अभ्यास याच प्रश्नावर होता. गोष्टीतले ८० टक्के शब्द माहीत असलेल्या गटात एकालाही ती पुरेशी समजली नाही, आणि आधाराविना वाचायला ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे असावे लागतात, असं त्यातून पुढे आलं. ८० टक्के म्हणजे पाच शब्दांतले चार. परीक्षेत हे उत्तम गुण झाले असते. वाचनात ते अपुरे पडतात.

सामान्य पुस्तकं आणि वर्तमानपत्रं यांच्यासाठी हे ९८ टक्के गाठायचे, तर नेशन यांच्या २००६ च्या हिशेबाप्रमाणे आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. आकडा ऐकून विद्यार्थी हबकतात. पण हे शब्द सारख्या वजनाचे नसतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी केली होती. कोणत्याही मजकुराचा मोठा भाग अशाच शब्दांनी बनतो. त्याच्यावरचा थर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये शोधून काढला. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांमधल्या सुमारे ३५ लाख शब्दांच्या मजकुरातून त्यांनी ५७० शब्दकुलं निवडली. वेस्ट यांच्या यादीत नसलेली ही ५७० कुलं विद्यापीठीय मजकुराचा सुमारे १० टक्के भाग व्यापतात. दर दहा शब्दांत एक! एवढ्या कमी श्रमात एवढं मोठं फळ देणारी दुसरी गोष्ट मला या कामात सापडलेली नाही.

आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहते आहे. विद्यार्थी ज्या शब्दांना घाबरतात ते विषयाचे पारिभाषिक शब्द असतात, आणि अडतात मात्र दुसऱ्याच शब्दांवर. 'फोटोसिन्थेसिस' किंवा 'इन्फ्लेशन' शिकवायला विषयाचे शिक्षक आहेत. ते व्याख्या देतात, आकृती काढतात. पण 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट', 'सब्सिक्वंट', 'रिस्पेक्टिव्हली', 'व्हेअरॲज' हे शब्द कुणीच शिकवत नाही. विषयाच्या शिक्षकाला ते शिकवायचे असतात हे सुचत नाही, कारण त्याला ते दिसतच नाहीत. इंग्रजीचा शिक्षक कविता किंवा निबंध घेत असतो. या दोघांच्या मध्ये पडलेले हे शब्द म्हणजे तुमचं शेत आहे. तिथे नांगर धरा.

शब्द पाठ करायला कागदाचे छोटे तुकडे अजूनही उत्तम: एका बाजूला शब्द आणि तो जिथे भेटला ते वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. मराठी अर्थ लिहायला मुळीच संकोच नको. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि उजळणी अंतरा-अंतरानं केली तर टिकतं. म्हणून आज, उद्या, चार दिवसांनी, दोन आठवड्यांनी अशी उजळणी. एका दिवसात पन्नास शब्दांपेक्षा रोज पाच बरे. हे सगळं १६५ तासांतलं काम आहे. वर्गात फक्त पाच मिनिटं तुकडे हातात घेऊन शेजाऱ्याची परीक्षा घ्यायची, म्हणजे ते केलं जातं.

पण पाठ केलेला शब्द वाचनात पुन्हा पुन्हा भेटला नाही तर मरतो. म्हणून सोपं, भरपूर वाचन हवं, आणि 'सोपं' या शब्दावर माझा जोर आहे. पातळीनुसार लिहिलेल्या गोष्टींची पुस्तकं विद्यापीठातल्या मुलांना बालिश वाटतील अशी भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं इंग्रजी पुस्तक संपवल्याचा आनंद अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर बघितला आहे, तो बालिश नव्हता. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी फिजीच्या ग्रामीण शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या वर्गांना गोष्टींची सुमारे २५० पुस्तकं पुरवली. त्या मुलांची वाचनातली प्रगती इतरांच्या तुलनेत कितीतरी वेगानं झाली, आणि पुढच्या वर्षी तिचा परिणाम लेखनातही दिसला. ती मुलं लहान होती हे खरं. पण पुरेसा, समजेल असा, आवडेल असा मजकूर मिळाल्यावर भाषा आपली आपण वाढते, हे वयाच्या पलीकडचं आहे. विद्यार्थ्यांना वाचनाची नोंदवही ठेवायला सांगा: पुस्तकाचं नाव, किती पानं, दोन ओळी. सारांश मागू नका. सारांश मागितला की वाचन पुन्हा गृहपाठ होतं.

नुसतं वाचून सगळं होतं असं मात्र नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांचा अभ्यास मेरिल स्वेन यांनी केला. मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती, त्यांना समजत उत्तम होतं, तरी बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहतच होत्या. समजून घेताना माणूस शब्दांच्या शेपट्या, म्हणजे शेवटचे प्रत्यय, सोडून देतो; शब्दांवरून अर्थ लागला की पुरे. स्वतः बोलायची वेळ आली की शेपटी लावावी लागते. १९८५ मध्ये स्वेन यांनी मांडलं ते हेच: बोलायला-लिहायला भाग पडल्याशिवाय काही गोष्टी लक्षातच येत नाहीत.

तर बोलणं. एकेकाला उभं करणं आजपासून बंद करा. परकी भाषा वर्गात बोलण्याची भीती ही इतर भीतींपेक्षा वेगळी गोष्ट आहे. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिचं मूळ सोपं आहे: मोठ्या माणसाला आपण जेवढे शहाणे आहोत तेवढे या भाषेत दिसत नाही, याची लाज वाटते. तुमच्यासमोर मान खाली घालणारा मुलगा मराठीत कदाचित वादविवाद जिंकत असेल. ५९ जणांसमोर त्याला चौथीतल्या मुलासारखं वाक्य बोलायला लावणं हे त्याच्या दृष्टीनं अपमानास्पद आहे.

त्याऐवजी ३० जोड्या करा आणि चार-तीन-दोन हा सराव घ्या. एका विषयावर प्रत्येक जोडीतला एक जण चार मिनिटं बोलतो, दुसरा फक्त ऐकतो. मग ऐकणारा बदलतो आणि तेच बोलणं तीन मिनिटांत. पुन्हा ऐकणारा बदलतो, दोन मिनिटांत. विषय तोच, मजकूर तोच, वेळ कमी. तिसऱ्या वेळी शब्द शोधण्यातली अडखळ कमी झालेली बोलणाऱ्याला स्वतःलाच जाणवते. नऊ मिनिटं एकानं, नऊ मिनिटं दुसऱ्यानं: १८ मिनिटांत सगळे ६० जण प्रत्येकी नऊ मिनिटं बोलले. मघाचं एका तासातलं एक मिनिट आठवा. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते; त्या सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवा. या १८ मिनिटांत कुणाचीही चूक दुरुस्त करायची नाही. तुम्ही फिरा, ऐका, कागदावर टिपा, आणि नंतर सगळ्यांसमोर, कुणाचं नाव न घेता, तीन वाक्यं फळ्यावर लिहा.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिका. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. ती मुलं तर स्वतःच्या भाषेत उत्तरं देत होती. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्याला पाच-सात सेकंद द्या. मनातल्या मनात मोजा, नाहीतर आपण थांबलो असं फक्त वाटतं.

उच्चारांबद्दल थोडक्यात. इंग्रज किंवा अमेरिकन माणसासारखं बोलणं हे ध्येय ठेवू नका. ट्रेसी डरविंग आणि मरे मन्रो यांच्या १९९५ पासूनच्या कामातून दिसलं, की बोलण्यात परकी ढब जाणवत असली तरी बोलणं पूर्ण समजू शकतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी भाषकाच्या बाबतीत समजण्यात खरा अडथळा येतो तो आघाताचा, म्हणजे शब्दातल्या कोणत्या भागावर जोर द्यायचा याचा. मराठीत आघात बदलला म्हणून शब्द बदलत नाही. इंग्रजीत 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर), 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर जातो आणि बाकीचे स्वर पुसट होतात. आपण सगळी अक्षरं सारख्या जोरानं म्हणतो, मग ऐकणाऱ्याला शब्दच सापडत नाही. नवा शब्द शिकवताना त्याचा जोर कुठे आहे हे अर्थाबरोबरच सांगा, टाळी देऊन म्हणवून घ्या. एवढं पुरतं.

आता चुका. 'ही गोज'मधला तो 'स' समजावायला दोन मिनिटं लागतात आणि सवयीत उतरायला वर्षं. हे तुमच्याच विद्यार्थ्यांचं वैशिष्ट्य नाही. हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश आणि चिनी भाषक मुलांची तुलना केली, तेव्हा व्याकरणाची काही रूपं दोन्ही गटांत साधारण एकाच क्रमानं आलेली दिसली, आणि हा 'स' उशिरा येणाऱ्यांपैकी होता. त्याआधी १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी सांगितलं होतं, की चूक हा शिकणाऱ्याच्या डोक्यात सध्या कोणते नियम चालू आहेत याचा पुरावा असते. मी चुकांकडे तसं बघायला लागले आणि माझी चिडचिड निम्मी झाली.

निबंध तपासताना मी पूर्वी पान लाल करून टाकायचे. एकदा वह्या परत दिल्या आणि समोरच्या बाकावरच्या मुलानं गुण बघितले, वही मिटली, दप्तरात टाकली. त्या वहीवर माझी वीस मिनिटं गेली होती. त्याची गेली चार सेकंदं. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी असं तपासणं सोडूनच द्यावं असा लेख लिहिला. डाना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं आणि तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. मी स्वतः मधल्या जागी येऊन थांबले आहे. एका निबंधात एकाच प्रकारच्या चुका दाखवायच्या, तेही फक्त रेघ मारून, उत्तर न लिहिता. आणि दुसरा खर्डा लिहिल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. दुसरा खर्डा नसेल तर दुरुस्ती ही शिक्षकाच्या समाधानासाठी असते. ६० वह्या दर आठवड्याला जमत नाहीत. १५ घ्या, महिन्यात सगळ्यांची पाळी येते.

लेखनात वाक्यांच्या आधी रचना शिकवा. तुमच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचा अहवाल, प्रकल्पाची प्रस्तावना, विनंतीचा ई-मेल लिहायचा आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस' त्यांना पुन्हा कधीच लिहायचा नाही. जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये दाखवलं, की शोधनिबंधाची प्रस्तावना बहुधा तीन पावलं टाकते: हे क्षेत्र महत्त्वाचं आहे, यात अमुक गोष्ट अजून झालेली नाही, ती मी इथे करतो आहे. खऱ्या पाच प्रस्तावना द्या आणि मुलांना ती पावलं रंगीत पेन्सिलीनं शोधू द्या. दुसरं पाऊल जवळजवळ नेहमी 'हाउएव्हर'नं सुरू होतं हे कुणीतरी आपणहून सांगतं. नेमकी तिथे ती वाक्यरचना शिकवायची, कारण आता तिला जागा आहे.

व्याकरण शिकवायचंच नाही असं मी म्हणत नाही, हे इथपर्यंत लक्षात आलं असेल. रिचर्ड श्मिट हे भाषातज्ज्ञ ब्राझीलमध्ये पाच महिने राहिले, तेव्हा पोर्तुगीज शिकताना रोजनिशी ठेवत होते आणि आपल्या बोलण्याच्या ध्वनिफितीही करत होते. दोन्ही ताडून पाहिल्यावर दिसलं, की वर्गात शिकवलेलं सगळं काही त्यांच्या तोंडी आलं नाही; इतरांच्या बोलण्यात जे त्यांनी स्वतः टिपलं होतं, ते येऊ लागलं. तेव्हा शिक्षकाचं काम टिपायला लावणं. त्यासाठी मी एक जुनाच सराव वापरते. पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद नेहमीच्या वेगानं दोनदा वाचायचा. विद्यार्थी फक्त महत्त्वाचे शब्द टिपतात, मग जोडीनं तो परिच्छेद पुन्हा उभा करतात. शेवटी मूळ परिच्छेद दाखवायचा आणि फरक शोधायचे. मराठी भाषकांचे गळलेले शब्द दरवेळी तेच असतात: 'अ' आणि 'द'. मराठीत 'द'सारखं काही नाहीच, त्यामुळे कानावर पडूनही तो ऐकू येत नाही. स्वतःच्या कागदावर तो आठ वेळा गळलेला दिसला, की मगच विद्यार्थी विचारतो, "मॅडम, इथे 'द' का?" त्या प्रश्नानंतर दिलेली पाच मिनिटं कुठल्याही तक्त्यापेक्षा मोलाची.

मराठीच्या वापराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बोला. कामाच्या सूचना गुंतागुंतीच्या असतील तर, शब्दाचा अर्थ एका झटक्यात देता येत असेल तर, आणि दोन भाषा शेजारी ठेवून फरक दाखवायचा असेल तर. 'मी दहा वर्षांपासून इथे राहतो' या वाक्यात मराठी वर्तमानकाळ आणि 'पासून' वापरते, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर फ्रॉम टेन इयर्स' असं तयार होतं. 'विषयी चर्चा करणे' म्हणून 'डिस्कस अबाउट'. ही वाक्यं मुलांच्या आळसातून येत नाहीत, आतल्या मराठीतून येतात. ते दाखवलं की त्यांना सुटल्यासारखं वाटतं. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला आणि असंही मांडलं, की एका भाषेत कमावलेलं विचार मांडण्याचं कौशल्य दुसऱ्या भाषेत जातं. म्हणून लिहिण्याआधीची चर्चा मराठीत होऊ द्या. मुद्दा काय आहे हेच ठरलं नसेल तर इंग्रजी वाक्य कुठून येणार? फक्त वाक्यावाक्याचं भाषांतर करून देऊ नका. ती सवय लागली की विद्यार्थी इंग्रजी वाक्य ऐकणंच सोडतात आणि तुमच्या मराठी वाक्याची वाट बघतात.

भाषांतर करणारी आणि निबंध लिहून देणारी यंत्रं विद्यार्थ्यांच्या खिशात आहेत. बंदी घालून उपयोग होत नाही. मी पहिला खर्डा वर्गात, हातानं लिहून घेते. घरी तो यंत्राकडून सुधारून आणायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाच बदल निवडायचे: कोणता पटला, का, कोणता पटला नाही, का. दोन विद्यार्थ्यांनी गेल्या वेळी दाखवून दिलं, की यंत्रानं त्यांचा मुद्दाच बदलला होता. हे त्यांना दिसलं, म्हणजे त्यांनी वाचलं.

एक अडचण तुमच्या एकट्याच्या हातात नाही, ती परीक्षेची. प्रश्नपत्रिकेत गाळलेल्या जागाच असतील, तर विद्यार्थी त्याच भरत बसणार, आणि त्यांची चूकही नाही. अंतर्गत गुणांवर तुमचा थोडाफार अधिकार असेल, तर त्यातले काही वाचनाच्या नोंदवहीला आणि दुसऱ्या खर्ड्याला द्या. मला हे विभागात मान्य करून घ्यायला दोन वर्षं लागली. मी दर बैठकीत तोच कागद पुन्हा ठेवत राहिले.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात रेघा मोजण्याचं पान आणि एक ध्वनिमुद्रण: प्रत्येकानं आपल्या फोनवर 'मी हा विषय का निवडला' यावर दोन मिनिटं बोलायचं आणि ते जपून ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यापासून शब्दांचे तुकडे आणि सोपी पुस्तकं. तिसऱ्यापासून चार-तीन-दोन, आठवड्यातून एकदाच. लेखन महिन्याभरानं, शब्द थोडे साचल्यावर. वर्षाच्या शेवटी त्याच विषयावर पुन्हा दोन मिनिटं बोलायला लावा आणि दोन्ही ध्वनिमुद्रणं ज्याची त्याला एकांतात ऐकू द्या. पहिल्या वेळचं मुद्रण बरेच जण मध्येच पुसून टाकतात, तेव्हा एक प्रत तुमच्याकडे घेऊन ठेवा.